मोटार बदलण्याआधी आवाज ऐका
जुन्या ट्रकच्या वॉशर पंपाची घरच्या घरी तपासणी

मालेगाव असो, भिवंडी असो की मिरज, आपल्याकडच्या कितीतरी घरांची चूल ट्रकच्या चाकावर चालते. अब्बा किंवा भाईजान फजरनंतर गाडी काढतात तेव्हा टायरची हवा, डिझेल, इंजिनचे तेल यांची चौकशी होते. समोरच्या काचेवर पाणी मारणाऱ्या छोट्या पंपाची मात्र कुणी आठवणही काढत नाही. तो बंद पडला तरी गाडी चालते, म्हणून त्याचे काम पुढच्या खेपेवर ढकलले जाते.

आम्ही शिक्षक असल्यामुळे सवयीने हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे सरकते. जूनच्या पहिल्या सरीत पुढच्या गाडीने चिखल उडवला आणि कोरड्या वायपरने तो काचभर सारवला, तर चालकाला तीन सेकंद काही दिसत नाही. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. त्या ५० मीटरमध्ये सायकलवरून शाळेला निघालेले कुणाचे तरी लेकरू असू शकते. पंप लहान असला तरी प्रश्न लहान नाही.

जुन्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि मर्सिडीजचा तारा मिरवणारे ट्रक आपल्या रस्त्यांवर आले. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्याच घडणीचे पुढे बोनेट असलेले ट्रक त्यानंतरही वर्षानुवर्षे धावत राहिले. इतक्या वर्षांत अशा गाडीला कितीतरी मिस्त्रींचे हात लागलेले असतात. कुणी पंप नंतर बसवलेला असतो, कुणी तार दुसऱ्याच रंगाची जोडलेली असते. म्हणून इथे तारेच्या रंगावर विश्वास न ठेवता पाणी आणि करंट कुठवर पोहोचतात ते पाहत जावे.

पहिली परीक्षा कानाची

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा. एकाने केबिनमध्ये वॉशरचे बटण दाबावे, दुसऱ्याने पाण्याच्या टाकीजवळ कान द्यावा. घूंऽऽ असा आवाज आला तर मोटार जिवंत आहे आणि दोष पाण्याच्या वाटेत आहे. आवाज आला नाही तर दोष बहुतेक करंटच्या वाटेत किंवा मोटारीत आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते.

आवाज येतो, पाणी येत नाही

आधी टाकीत पाणी आहे का ते पाहा. हसू येईल, पण पुष्कळदा गोष्ट इथेच संपते. मग काचेजवळच्या फवाऱ्याची म्हणजे नोजलची नळी काढून बटण दाबा. नळीतून जोरदार धार आली तर नोजल तुंबले आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्याच्या बारीक छिद्रात साठतात. बारीक टाचणीने हलक्या हाताने ते मोकळे करा. छिद्र मोठे झाले तर धार भरकटते, म्हणून जोर लावू नका. शक्य असल्यास हवा उलट्या बाजूने मारा, म्हणजे कचरा आत न जाता बाहेर पडेल.

नळीतूनच धार येत नसेल तर मागे मागे पंपाकडे या. बोनेटच्या बिजागरीजवळ नळी दुमडते, इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. टोकच फाटले असेल तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसवता येते. नळीत एकेरी झडप असेल तर तिच्यावरचा बाण नोजलच्या दिशेने हवा. टाकीच्या तळाशी शेवाळ आणि गाळ बसून पंपाची जाळी बंद होते. टाकी काढून धुतली की पाणी मोकळे होते.

एक गोम ध्यानात ठेवावी. पंपाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर मोटार उलटी फिरते. आवाज अगदी व्यवस्थित येतो आणि पाणी मात्र येत नाही, किंवा नुसते झिरपते. कुणी नुकतेच वायरिंग केले असेल तर हे आधी तपासा.

आवाजच येत नाही

फ्यूज पाहा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. त्याने तार जळते आणि कधी कधी गाडीही. फ्यूज ठीक असेल तर टेस्टिंगचा बल्ब घ्या. त्याचे एक टोक चेसिसच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला लावा आणि दुसरे पंपाच्या करंटच्या तारेला. मग बटण दाबायला सांगा. बल्ब लागला नाही तर दोष बटणात, सॉकेटमध्ये किंवा मधल्या तारेत आहे. बल्ब लागला तर करंट पंपापर्यंत येतो आहे.

आता चेसिसवरचे टोक काढून पंपाच्या अर्थिंगच्या तारेला लावा. बल्ब विझला किंवा मंद झाला तर अर्थिंग खराब आहे. बोल्ट उघडा, गंज खरवडा आणि घट्ट आवळा. जुन्या गाडीत हा दोष फार आढळतो. आमच्या नात्यातल्या एका चाचांना एका गॅरेजात नवी मोटार घ्यायला सांगितले होते. दुसऱ्या एका वयस्कर वायरमनने सँडपेपर मागितला, एक बोल्ट घासला आणि तीच जुनी मोटार चालू झाली.

बल्ब दोन्ही तारांवर नीट लागतो आणि तरीही मोटार गप्प आहे, तेव्हाच मोटारीला दोष द्यावा. तिला हळूच टकटक करून पाहा. फिरायला लागली तर आतले कार्बन झिजले आहेत. ती थोडे दिवस साथ देईल, पण नवी घ्यायचीच आहे असे समजा.

नवा पंप घेताना

गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे आधी ठरवा. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ असे गृहीत धरू नका. १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या तर २४ व्होल्ट मिळतात, पण शेजारी शेजारी म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्या तर १२ च राहतात. मीटरने मोजा किंवा हेडलाइटच्या बल्बवरचा आकडा वाचा. १२ चा पंप २४ वर लावला तर तो लवकरच जळतो. २४ चा पंप १२ वर लावला तर रेंगाळतो.

पंप बसवताना रबरी बूच साबणाच्या पाण्याने ओले करा, तेल लावू नका, कारण तेलाने रबर फुगते. तारेला हात घालण्याआधी बॅटरीचे मायनस टोक काढा. बॅटरीजवळ बिडी-काडी तर नकोच.

पुढची काळजी

टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नका, कारण पाणीच पंपाला थंड ठेवते. धुण्याची पावडर टाकू नका, तिचा फेस काचेवर ओघळ सोडतो. घरच्या आरओ मशीनमधून बाहेर पडणारे पाणीही नको, त्यात क्षार अधिक असतात. पावसाचे गाळलेले पाणी किंवा बाजारातले वॉशरचे द्रावण चांगले. वायपरचे रबरही दरवर्षी पावसाळ्याआधी पाहा. रबर कडक झाले असेल तर पंप कितीही चांगला असला तरी काच स्वच्छ होणार नाही.

ही तपासणी गाडीवरच्या क्लीनर मुलाकडून करून घ्यावी, असे आम्हाला वाटते. त्याच्या हाती नुसता पाना देऊ नका, कारणही सांगा. आवाज का ऐकायचा, बल्बचे टोक का बदलायचे हे त्याला कळले की उद्या हेडलाइट बंद पडला तरी तो याच क्रमाने दोष शोधेल. अंदाजाने भाग बदलणारा आणि कारण शोधणारा असे दोन कारागीर असतात, आणि गिऱ्हाईक कुणाकडे परत येते हे सांगायला नको. घरातल्या बायका-मुलांनीही एवढे करावे. गाडी निघताना डब्याबरोबर विचारावे, "काचेवर पाणी येतंय ना?"