संगणकाचें उत्तर लवकर कसें येतें ?

संगणकाकडे कांहीं मागितलें आणि उत्तर येण्यास विलंब लागला, कीं मनुष्य यंत्राला दोष देतो. हा अनुभव श्रोत्यांपैकीं अनेकांस असेल. यंत्र जुनें झालें, अधिक सामर्थ्याचें घ्यावयास हवें, असें तो मनाशीं ठरवितो. परंतु हें निदान पुष्कळदां चुकतें. बराचसा काळ हिशेब करण्यांत जात नाहीं. तो ये-जा करण्यांत आणि शोधण्यांत जातो.

प्रथम अंतराचा विचार केला पाहिजे. प्रकाश पोकळींतून सेकंदाला सुमारें ३,००,००० किलोमीटर जातो; काचेच्या तंतूंतून मात्र तो सुमारें २,००,००० किलोमीटरच धांवतो. मुंबई ते न्यूयॉर्क हें अंतर सरळ मोजलें तरी सुमारें १२,५०० किलोमीटर भरतें. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास सेकंदाचा अष्टमांश तरी हवाच. समुद्रतळाच्या तारा वळणें घेत जातात, म्हणून प्रत्यक्षांत त्याहून अधिक. अष्टमांश सेकंद क्षुल्लक वाटेल. पण एका उत्तरास एकच फेरी पुरत नाहीं. पलीकडचा संगणक ऐकत आहे ना, याची आधीं खात्री करून घ्यावी लागते. मग गुप्त संभाषणाची किल्ली ठरते, आणि त्यानंतर मूळ प्रश्न निघतो. पूर्वींच्या पद्धतींत किल्ली ठरविण्यासच दोन फेऱ्या लागत. म्हणजे एकूण चार, अर्धा सेकंद. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या पद्धतींत हें काम एका फेरींत होतें. यंत्र तेंच, तार तीच. तरी चौथा हिस्सा प्रतीक्षा कमी झाली.

दुसरा विलंब शोधण्याचा. एखाद्या कोशांत ६०,००० शब्द कसेहि भरले आहेत अशी कल्पना करावी. हवा तो शब्द सांपडण्यास सरासरी ३०,००० शब्द चाळावे लागतील. तेच अकारविल्हे लावले, तर कोश मध्यावर उघडून, नको तो अर्धा भाग सोडून, उरलेल्याचा पुन्हां मध्य पाहत गेल्यास फार तर १६ पायऱ्यांत शब्द हातीं लागतो. १९७० सालीं बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेंतील रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट यांनीं सूचीची अशी एक रचना मांडली, कीं नव्या नोंदी कितीहि आल्या तरी तिचा क्रम बिघडत नाहीं. आजच्या माहितीच्या मोठमोठ्या कोठारांतील पुष्कळ सूची तिच्याच वंशांतल्या आहेत. सॉफ्टवेअर मंद झालें, तर लोक ज्या खुणेनें माहिती मागतात त्या खुणेची सूची केलेली आहे काय, हें प्रथम पाहावें.

तिसरा उपाय गृहिणीस शिकवावयास नको. मोहरी, हळद, जिरें यांचा सांठा कोठीच्या खोलींत असतो. रोज लागणारें थोडें थोडें मिसळणाच्या डब्यांत चुलीजवळ असतें. फोडणीचें तेल तापल्यावर कोठीपर्यंत जाण्यास सवड कोठून असणार ? संगणकशास्त्रांत या डब्यास 'कॅश' म्हणतात. रोख रकमेशीं त्याचा संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द निघाला आहे. १९६५ सालीं केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनीं मोठ्या, मंद स्मृतीपुढें लहान, चपळ स्मृति ठेवण्याची कल्पना विशद केली. १९६८ मध्यें आयबीएमनें जाहीर केलेल्या संगणकांत ती उतरली. पुढें १९९८ मध्यें एमआयटी या अमेरिकन विद्यापीठांतील टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकामाई ही कंपनी स्थापून हीच युक्ति देशोदेशीं पसरविली. मूळ माहिती एका ठिकाणीं, पण तिच्या प्रती गांवोगांवच्या संगणकांवर ! न्यूयॉर्कचें चित्र मुंबईंतच मिळालें, कीं सागरापलीकडची फेरी वांचते.

मात्र कोठींत नवा माल आला तरी डब्यांत जुनाच असूं शकतो. चित्राची कालची प्रत चालेल. पण धरणांतून किती पाणी सोडलें, हा आंकडा चार तासांपूर्वींचा असेल, तर तो तत्काळ मिळूनहि नदीकांठच्या माणसाचा घात करील. म्हणून प्रत्येक प्रतीस मुदत घालावी लागते, आणि ती संपली कीं मूळ ठिकाणीं चौकशी करावी लागते. कोणती माहिती किती वेळ शिळी चालेल, हें यंत्राला समजत नाहीं. तें माणसानेंच ठरवावयाचें असतें.

शहरांतील गृहस्थास अर्धा सेकंद जाणवतहि नाहीं. पण डोंगराळ खेड्यांत, क्षीण लहरींवर, साधा मोबाइल हातीं घेऊन शेवटच्या दिवशीं परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलास एकेक फेरी फार महाग पडते. मध्येंच संपर्क तुटला तर सारें आरंभापासून. नवें यंत्र घेणें त्याच्या आटोक्यांत नसतें. फेऱ्या कमी करणें, सूची नीट लावणें, प्रती जवळ आणि ताज्या राखणें, हीं तिन्ही कामें सॉफ्टवेअर रचणाऱ्याच्या हातचीं आहेत. त्यानें तीं टाळलीं, तर त्याच्या आळसाचा दंड त्या मुलास भरावा लागतो.