विंचवाच्या चिन्हाची छोटी मोटार

पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले, की शिरूरच्या अलीकडे रांजणगाव-कारेगाव परिसरातील औद्योगिक वसाहत लागते. येथील फियाटच्या कारखान्यात २०१५ साली ‘अबार्थ पुंटो’ नावाची एक छोटी मोटार तयार होऊ लागली. लांबी चार मीटरच्या आत, किंमत दहा लाख रुपयांच्या किंचित खाली आणि इंजिन मात्र १४५ अश्वशक्तीचे! शर्यतीच्या मोटारी बनविणाऱ्या कार्लो अबार्थ यांचे नाव तिला मिळाले होते. त्यांची रास वृश्चिक, म्हणून मोटारीवर विंचवाचे चिन्ह. (एरवी विंचू पाहून आपण पळतो, येथे विंचूच पळतो.) ही मोटार आज बनत नाही, पण मोटारीची पारख कशी करावी हे शिकायला ती फार चांगली आहे.

साधी पुंटोही याच कारखान्यात होत असे. तिचे लहान पेट्रोल इंजिन ११७२ घन सेंटिमीटरचे व ६८ अश्वशक्तीचे होते. अबार्थचे इंजिन १३६८ घन सेंटिमीटरचे. म्हणजे आकारमान जेमतेम एक षष्ठांशाने वाढले आणि शक्ती मात्र दुपटीहून अधिक झाली. हे कसे?

इंजिनाची शक्ती त्यात किती पेट्रोल जळते यावर अवलंबून असते, आणि पेट्रोल जाळायचे तर हवा हवी. साध्या इंजिनात दट्ट्या खाली सरकताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच मिळते. अबार्थमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्यावर बसविलेला पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हाच टर्बो. एरवी फुकट जाणाऱ्या वायूंकडून काम करून घेण्याची ही युक्ती होय. तिच्यात एक खोट आहे: चक्राला वेग येईपर्यंत थोडा वेळ जातो. त्यामुळे पाय दाबताच ताकद मिळत नाही, क्षणभराने मिळते.

आता थोडा हिशेब करू. कंपनीच्या आकड्यानुसार ही मोटार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गाठते. चालकासह वस्तुमान सुमारे १३०० किलोग्रॅम धरा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. यावरून गतिज ऊर्जा येते सुमारे ५ लाख जूल. तिला ८.८ ने भागले, तर सरासरी शक्ती ५७ किलोवॉट. पण १४५ अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ १०७ किलोवॉट! उरलेली कोठे गेली? काही हवेच्या व टायरच्या विरोधात खर्च झाली. शिवाय गिअर बदलताना आणि इंजिनाचे फेरे कमी असताना पूर्ण शक्ती मिळतच नाही. म्हणून जाहिरातीतील अश्वशक्तीच्या आकड्यावर भाळू नये. वस्तुमान आणि लागणारा वेळ अवश्य विचारावा.

या वेगाची किंमतही होती. छोट्या मोटारींना करात सवलत मिळे. पण त्यासाठी लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरपर्यंतच असावे लागे. अबार्थ पहिल्या अटीत बसली, दुसरीत नाही. वळणावर स्थिर राहावी म्हणून ती साध्या पुंटोपेक्षा जमिनीलगत ठेवलेली होती. आपल्या गावांतील गतिरोधक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातील अडचण सांगायला नको.

खरी परीक्षा मात्र थांबण्याची. ताशी १०० किलोमीटर वेगात साठलेले ५ लाख जूल म्हणजे दीड लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेणारी उष्णता. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास मोटार सुमारे साडेतीन सेकंदांत थांबते, पण तेवढ्यात ४८ मीटर जाते. आणि धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी २८ मीटर. ताशी ५० किलोमीटरला ब्रेकचे अंतर फक्त १२ मीटर असते, कारण वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाई होते. साडेतीन सेकंदांत ५ लाख जूल म्हणजे सुमारे १४३ किलोवॉट. ब्रेक व टायर यांना हे काम इंजिनाच्या कमाल शक्तीहूनही अधिक शक्तीने करावे लागते! साध्या पुंटोच्या मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक होते. अबार्थच्या चारही चाकांना लवकर थंड होणारे चकतीचे ब्रेक का बसविले, हे आता तुमच्या लक्षात येईल.