एकाच बाजूचे सायनस आणि वरची दाढ

महिनोन्‌महिने एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतो, गाल जड होतो, प्रतिजैविकांनी चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. अशा रुग्णाच्या नाकाची कसून तपासणी होते. तोंड उघडून पाहायचे मात्र राहून जाते. एकाच बाजूचा विकार बुरशीने वा गाठीनेही होतो, हे खरे. परंतु दाढेचा विचार सर्वात उशिरा सुचतो.

गालाच्या हाडातील या पोकळीचे वर्णन इंग्रज वैद्य हायमोर यांनी १६५१ मध्ये केले. वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला जवळजवळ भिडलेली असतात. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा, क्वचित केवळ श्लेष्मल आवरण. कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचली, की मुळाशी साठलेला पू वरची वाट धरतो.

फसगत येथेच होते. दंतमज्जा मृत झाल्यावर दाढ दुखेनाशी होते. ‘दात उत्तम आहेत’ असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो. रूट कॅनल करून टोपी बसविलेल्या दाढेवर तर कोणाचा संशयही जात नाही! साध्या क्ष-किरण चित्रात दोष निसटू शकतो. त्रिमितीय सीबीसीटीत तो अधिक स्पष्ट दिसतो.

दाढेवर उपचार न करता केवळ नाकावर केलेले उपचार बहुधा टिकत नाहीत. इंदुरात १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी अशा रुग्णास दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यावी. डोळ्याभोवती सूज आली वा अंधुक दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.