विंचवाची नांगी आणि वेदनेचं औषध

कोकणात लाल विंचू चावला की एके काळी माणूस वाचेल याची खात्री नसायची. गवतात, लाकडांच्या ढिगात दडणारा हा विंचू काळ्या विंचवाहून आकाराने लहान, पण विषाने कितीतरी जहाल. चावल्यावर आधी उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार. मग फुप्फुसांत पाणी भरायचं आणि तोंडाला लालसर फेस यायचा. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण उशाशी बसून पाहिले, लक्षणं टिपली आणि १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. महाराष्ट्राने जगाच्या वैद्यकाला जे दिलं, त्यात या कामाची जागा फार वरची आहे.

हे विष शरीरात जिथे घाव घालतं, ती जागा म्हणजे सोडियम चॅनेल. मज्जातंतूंच्या पेशींच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. पेशीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबाचा फरक असतो. तो एका मर्यादेपलीकडे घटला की दार उघडतं आणि बाहेरचं सोडियम आत घुसतं. त्यामुळे शेजारचा दाब घटतो, तिथलं दार उघडतं, आणि असा संदेश तंतूतून पुढे सरकतो. प्रत्येक दार जेमतेम एक मिलिसेकंद उघडं राहतं, मग आतल्या बाजूने झडप बसते. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखल्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हे गणित १९५२ मध्ये मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं.

लाल विंचवाचं विष ही झडप वेळेवर बसू देत नाही. संदेश थांबतच नाहीत, अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा रक्तात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. प्राझोसिन चॅनेलला हातही लावत नाही. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवतं. जपानमधल्या फुगा माशाचं विष नेमकं उलटं वागतं. ते दार बाहेरून बुजवतं, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस जातो.

दार बुजवणारं रसायन आपण सगळ्यांनीच कधी ना कधी अनुभवलेलं असतं. दात काढण्याआधी हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन, म्हणजे स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेलं लिडोकेन. हिरडीत ते उत्तम काम करतं, पण जास्त मात्रेत रक्तात गेलं तर आकडी येते आणि हृदयही बंद पडू शकतं. कारण माणसात या चॅनेलचे नऊ प्रकार आहेत. १.१ ते १.९ असे त्यांचे क्रमांक. १.४ स्नायूंत, १.५ हृदयात, काही मेंदूत, तर १.७, १.८ आणि १.९ मुख्यतः वेदना वाहणाऱ्या तंतूंत. एकाला रोखायला जावं तर बाकीचेही सापडतात.

याची जबर किंमत हृदयरोग्यांनी मोजली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे अनियमित ठोके फ्लेकेनाइड, एन्केनाइड या चॅनेलरोधक औषधांनी आटोक्यात यायचे. ईसीजी सुधारायचा, डॉक्टर निश्चिंत व्हायचे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की ही औषधं घेणारे नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मरत होते. ड्रावे सिंड्रोम या बालपणीच्या अपस्मारातही असाच धोका आहे. तिथे १.१ हा मेंदूला आवरणाऱ्या पेशींमधला चॅनेल मुळातच अधू असतो. अशा बाळाला कार्बामाझेपिनसारखं नेहमीचं औषध दिलं तर फिट्स वाढू शकतात. म्हणून मला वाटतं, कोणता चॅनेल रोखायचा यापेक्षा कोणते सोडायचे, हाच या औषधांचा खरा प्रश्न आहे.

वेदनेबाबत वाट दाखवली ती उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांनी. तिथला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, दंडात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदा वर्षांचा होण्याआधीच तो छपरावरून उडी मारून मेला. वेदनाच नसल्यामुळे भीतीही नव्हती. अशा कुटुंबांतल्या सहा मुलांमध्ये १.७ चॅनेल निकामी असल्याचं २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. त्याआधी, २००४ मध्ये, चीनमधल्या संशोधनात याच चॅनेलच्या जनुकातल्या वेगळ्या बदलाने उलटा आजार होतो हे दिसलं होतं : थोड्या उबेनेही हातपाय लाल होऊन असह्य भाजतात.

मग काय, औषध कंपन्या १.७ च्या मागे लागल्या. पण माणसांवरच्या चाचण्यांत निराशाच पदरी आली. एक कारण बहुधा असं, की जन्मापासून १.७ नसलेल्यांच्या शरीरात अफूसारखी नैसर्गिक वेदनाशामकंही जास्त तयार होतात. २०१५ मध्ये अशा एका स्त्रीला अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं, तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा वेदना जाणवली. नुसता चॅनेल रोखून ते सगळं कसं मिळणार?

१.८ ची ताकद मात्र पुन्हा एका विंचवाने दाखवली. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात टोळखाऊ उंदीर तिथला विषारी विंचू चावून खातो, डंख बसले तरी. या उंदराच्या १.८ चॅनेलमध्ये असा बदल आहे, की विष त्यालाच चिकटतं आणि वेदनेचा संदेश तिथेच अडतो. ज्या विषाने कळ उठायची, तेच भूल देतं. २०१३ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

माणसासाठी १.८ रोखणारी सुझेट्रिजिन ही गोळी अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ ला मंजूर झाली. मेंदूत आणि हृदयात १.८ नगण्य, आणि ही गोळी बाकीच्या आठांना जवळजवळ स्पर्शच करत नाही. त्यामुळे अफूवर्गीय औषधांसारखी गुंगी आणि व्यसनाची भीती इथे अपेक्षित नाही. अफूवर्गीय गोळ्यांनी लाखो बळी घेतलेल्या त्या देशात ही फार मोठी गोष्ट आहे. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर ती हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जोडगोळीहून सरस ठरली नाही, आणि सायटिकासारख्या जुनाट दुखण्यावरच्या चाचणीत खोट्या गोळीइतकाच आराम पडला. मधुमेहात मज्जातंतू बिघडून होणाऱ्या वेदनेवर तिची मोठी चाचणी हाती घेतली गेली आहे. आपल्याकडे घरोघरी मधुमेही आहेत आणि रात्री तळपायांची आग सोसत जागणारेही पुष्कळ, तेव्हा या चाचणीच्या निकालाकडे आपणही डोळे लावून बसायला हवं.