विश्लेषण : घरातल्या मनोरुग्णाला सांभाळणाऱ्यांना आधार कुणाचा?

स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारख्या तीव्र मानसिक आजारात रुग्णालयातला मुक्काम काही आठवड्यांचा असतो. त्यानंतरची अनेक वर्षे रुग्णाला सांभाळतात ते घरचेच. विनामोबदला हे काम करणाऱ्या आई, पत्नी, भाऊ-बहिणीसाठी कायद्यात काय आहे?

भार नेमका कशाचा?

गोळ्या वेळेवर देणे, झोप बिघडते आहे का यावर लक्ष ठेवणे, ‘मला काहीच झालेले नाही’ म्हणणाऱ्याची समजूत काढून तपासणीला नेणे. यात अनेकांची नोकरी सुटते. लोक काय म्हणतील या धास्तीने नातेवाइकांपासूनही आजार लपवला जातो, त्यामुळे मदत मागायची वाटही बंद होते. स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ही ओढाताण ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात मराठी प्रेक्षकांनी पाहिली आहे.

कायदा त्यांना ओळखतो का?

हो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये ‘काळजीवाहक’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या आहे. रुग्णासोबत राहून त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती, मग ती मोबदला घेत असो वा नसो, काळजीवाहक ठरते.

त्याहून उपयोगाची तरतूद ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ची. सज्ञान रुग्ण साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकतो. हा प्रतिनिधी निदान व उपचारांची माहिती मागू शकतो, डिस्चार्जच्या नियोजनात सहभागी होऊ शकतो. रुग्णाला ही नेमणूक केव्हाही बदलता येते. आजार आटोक्यात असताना हा कागद करून ठेवणे श्रेयस्कर.

पैशांची मदत मिळते का?

थेट मदत तुटपुंजी आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख कायद्यात आहे. मात्र अशा योजना सरकारच्या आर्थिक क्षमतेवर सोडल्या आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला, ठरावीक अटींवर, आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. यासाठीची कागदपत्रे पालक हयात असतानाच पूर्ण करावीत.

‘आमच्यानंतर याचे काय?’

वृद्ध पालकांचा हा सर्वात अवघड प्रश्न. नॅशनल ट्रस्ट कायद्यातील पालकत्वाची सोय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. केवळ मानसिक आजारासाठी नाही. त्यामुळे भावंडांना आधीपासून उपचारांत सामील करून घेणे, औषधांची व डॉक्टरांची माहिती एका फाइलमध्ये ठेवणे आणि मालमत्तेबाबत वकिलाचा सल्ला घेणे ही तयारी घरालाच करावी लागते.

मदत कुठे मागावी?

‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते. मराठीतूनही बोलता येते आणि रुग्णाचे नातेवाईकही फोन करू शकतात. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था नातेवाइकांचे स्वमदत गट चालवतात. सांभाळणारा खचला तर रुग्णाचे उपचारही विस्कटतात. म्हणून त्याने स्वतःसाठी मदत मागणे हाही उपचारांचाच भाग आहे.