सुट्टीच्या दिवशीची गावची कबड्डी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खेळ पाहायचा म्हणजे टीव्हीसमोर बसायचे, अशी आता आपल्यापैकी बहुतेकांची सवय झाली आहे. त्यात वाईट काही नाही. पण ज्या खेळात खेळाडूचा श्वास ऐकू येतो, त्याच्या अंगावरून उडालेली माती आपल्या चपलेवर येते, तो खेळ पाहण्याची मजा निराळी असते. आमच्या पूर्व विदर्भात ही मजा देणारा खेळ म्हणजे गावची कबड्डी. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी, चार मित्रांबरोबर, मैदानाच्या काठावर उभे राहून ती कशी पाहावी, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

माझे गाव वरठी. भंडारा जिल्ह्यातले, मोहाडी तालुक्यातले. मुंबई-हावडा मार्गावरून जाणाऱ्यांनी गावाचे नाव कदाचित ऐकले नसेल, पण स्थानक नक्की पाहिले असेल. कारण ‘भंडारा रोड’ हे स्थानक वरठीतच आहे. मुख्य मार्गावरची गाडी भंडारा शहराला न जाता वरठीला थांबते. एका बाजूला हा लोहमार्ग, दुसरीकडे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि भोवताली धानाच्या बांध्या, असे आमचे गाव. दिवाळीच्या सुमारास धान कापून होते, मंडईचे दिवस येतात, दंडार-नाटकांच्या रात्री रंगतात आणि त्याच मोसमात परिसरातल्या गावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. मैदान करायला फार काही लागत नाही. मोकळी जागा खणायची, खडे वेचायचे, पाणी मारून माती दाबायची आणि फक्कीने रेषा आखायच्या. आयोजक गावातलेच एखादे क्रीडा मंडळ, बक्षीस गावकऱ्यांच्या वर्गणीतून. रेल्वे असल्यामुळे नागपूर, गोंदियाकडचे संघही येऊ शकतात.

आम्ही चार वर्गमित्र. एक शेती करतो, एक कारखान्यात पाळीवर असतो, एक गोंदियाकडे शिक्षक आहे आणि मी नागपूरला. चौघे एकत्र येण्याचे दिवस वर्षातून मोजकेच, आणि त्यातला आमचा ठरलेला दिवस म्हणजे २६ जानेवारी. सकाळी झेंडावंदन, मग तर्री-पोहा आणि दुपारपासून मैदान. भट्टीला सुट्टी नसते, म्हणून कारखान्यातला मित्र रात्रपाळीला जाण्याआधी जेवढे पाहता येईल तेवढे पाहतो. अंतिम सामन्याचा निकाल त्याला बहुधा फोनवरच कळतो.

कबड्डी सगळ्यांनाच येते असे आपण समजतो. पण नियमांतली चार-पाच गणिते डोक्यात असली तर पाहण्याची गोडी दुप्पट होते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात. चढाईला ३० सेकंद. पूर्वी पंच दमावरच लक्ष ठेवत. आता दम आणि घड्याळ दोन्ही पाहतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा असते. चढाई करणाऱ्याने कोणाला स्पर्श केला नाही, तर किमान ही रेषा ओलांडल्याशिवाय परत येता येत नाही. आला तर तो बाद. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू उभे असतील तरच ती ओलांडण्याचा गुण मिळतो. म्हणजे बचाव भरलेला असतो तेव्हाच तिथवर पाय घालण्याचे मोल. समोर पाचच उरले की तोच पाय फुकट.

आता खरी गंमत सांगतो. कबड्डीत बाद झालेला माणूस परत जिवंत होतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी आत येतो. पूर्वी या खेळाचे वेगवेगळे प्रकार होते. ‘संजीवनी’त असे जिवंत होता येई, ‘गेमिनी’त सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागे. आजचा खेळ संजीवनीच्या वळणावर गेलेला आहे. त्यामुळे कोणताही गुण नुसता एक गुण नसतो. तो एक माणूसही असतो. सगळे सात बाद झाले की लोण, त्याचे दोन गुण जास्तीचे, आणि मग सगळेच परत आत. म्हणून गुणफलकापेक्षा मैदानात किती जण उभे आहेत ते मोजावे. एका बाजूला दोनच गडी उरले की काठावरचा म्हातारासुद्धा ओरडतो, ‘लोण होते गा आता!’ आणि नेमके तेव्हाच त्या दोघांनी चढाई करणाऱ्याला धरले, तर मैदान डोक्यावर घेतले जाते.

नवख्या माणसाची नजर चढाई करणाऱ्यावर असते. माझा शेतकरी मित्र मात्र कोपऱ्याकडे पाहायला सांगतो. टोकाला उभा असलेला गडी पुढे सरकत नाही, हात गुडघ्यावर ठेवून वाट पाहतो. चढाई करणाऱ्याचा पाय किती खोल येतो, परत फिरताना कोणत्या पायावर भार पडतो, हे तो हेरत असतो. मग एका झेपेत घोटा. त्याच क्षणी साखळी धरून उभे असलेले बाकीचे तुटून पडले नाहीत, तर एकटा धरणारा फरपटत मध्यरेषेपर्यंत जातो आणि त्याच्यासह जेवढ्यांचा हात लागला तेवढे सगळे बाद. पकड एकट्याची दिसते, पण ती असते चौघांची.

या खेळाने फार मोठी वाट चालली आहे, आणि तिची सुरुवात आपल्याकडचीच आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यात कबड्डी होती. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी हा खेळ संघटित करण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रवेश मिळाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये जकार्तात इराणने आपल्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत हरवले, तेव्हा हा खेळ आता एकट्या आपला राहिलेला नाही हे कळले. २०२३ मध्ये हांगझोऊला पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी सुवर्ण परत आणले.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार याला १२ लाख ८० हजारांची बोली लागली होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर गेली. गावच्या पोरांच्या डोळ्यांत चमक आली ती तेव्हापासून. आता आमच्याकडच्या मैदानावरही मुले टीव्हीवर पाहिलेली हनुमान उडी मारून पाहतात.

पण गावचे मैदान आणि ती लीग यांच्यामध्ये जिना नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलचे उदाहरण घ्या. तिथे लहान शहरांतून दुय्यम दर्जाच्या लीग चालतात. ४ जुलैच्या सुट्टीला लोक मित्रमंडळी, पोरेबाळे घेऊन हे सामने पाहायला जातात आणि सामन्यानंतर आतषबाजी पाहून घरी येतात. तिथेही तिकीट स्वस्त, खेळाडू जवळ, वातावरण जत्रेचे. पण त्या प्रत्येक संघाला वर एक मोठा क्लब बांधलेला असतो. २०२१ पासून अशा १२० संघांची चार पायऱ्यांची रचना आहे. खालच्या पायरीवरचा खेळाडूही मोठ्या क्लबचा पगारी माणूस असतो. त्यांचाही पगार वर्षानुवर्षे तुटपुंजाच होता. २०२२ मध्ये ते संघटनेत आले आणि २०२३ मध्ये झालेल्या पहिल्या सामूहिक करारात त्यांची किमान वेतने दुपटीहून अधिक वाढली.

आमच्या मैदानावरच्या मुलाच्या मागे असे कोणी नसते. तो दुसऱ्या दिवशी शेतावर, गॅरेजमध्ये नाहीतर पाळीवर असतो. बक्षिसाची रक्कम संघात वाटली की हाती येते ते पेट्रोलपुरते. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक मान्यताप्राप्त स्पर्धांतले यश लागते. गावच्या वर्गणीवरची ढाल तिथे चालत नाही. माझा कारखान्यातला मित्र एकेकाळी फार चांगला कोपरा खेळायचा. एका सामन्यात घोटा धरताना समोरच्याचे सगळे वजन त्याच्या गुडघ्यावर आले. मैदानावर ना डॉक्टर होता, ना बर्फ. खाटेवर घालून त्याला घरी आणले, आठवडाभर लेप लावले. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. आज तो चालतो, पाळी करतो. पण कबड्डी पाहतो ती उभ्यानेच, कारण खाली बसले तर उठताना त्रास होतो.

म्हणून गावचा सामना पाहायला जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्याकडे प्रेक्षक लाऊडस्पीकरवरून बक्षीस पुकारतात : ‘पुढच्या पकडीला शंभर रुपये!’ जरूर पुकारा, त्याने खेळाला रंग चढतो. पण वर्गणी देताना मंडळाच्या मुलांना दोन प्रश्न विचारा. मैदानाशेजारी बर्फ, पट्ट्या आणि प्रथमोपचार येणारा माणूस आहे का? आणि कोणी पडला तर त्याला न्यायला गाडी तयार आहे का? या गोष्टींना लाखो रुपये लागत नाहीत. मंडपाची एक झालर कमी केली तरी भागते. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी आमच्या भागातल्या एका मंडळाला ही पेटी घेऊन दिली. तिच्यात काय काय असावे, ही यादी अर्थातच गुडघेवाल्या मित्राने केली.

टीव्हीवरच्या खेळाडूला आपली गरज नसते. त्याच्यासाठी फिजिओ असतो, विमा असतो. गावच्या मैदानावर मात्र प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये फक्त एक फक्कीची रेषा असते. येत्या सुट्टीला जवळपास सामने असतील तर मित्रांना घेऊन जा, कोपऱ्यावरच्या गड्याकडे लक्ष ठेवा, उभे असलेले गडी मोजा आणि घसा बसेपर्यंत ओरडा. फक्त निघण्यापूर्वी ती औषधांची पेटी कुठे ठेवली आहे, तेवढे एकदा पाहून घ्या.