द्राक्षाच्या मण्याला मेसेज मिळतो तरी कसा?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव धाराशिव जिल्ह्यातलं. आपल्या तुळजापूर भागातल्या द्राक्षबागांमध्ये 'जीए' हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो. जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. घड या द्रावणात बुडवले की मणी फुगतात. आता हिशोब बघा: १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम! एवढ्याशा पावडरीत मण्याचं पोट कसं भरणार?

भरत नाहीच. जीए हे खत नाही, तो एक मेसेज आहे. बी असलेल्या द्राक्षात हा मेसेज बीच पाठवतं. थॉमसन किंवा माणिक चमनमध्ये बी पूर्ण वाढत नाही, म्हणून आपण तो बाहेरून देतो.

याचा शोध भातातून लागला. जपानमध्ये काही रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडायची. एका बुरशीतून पाझरणारं रसायन हे करतं, असं कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. पण पेशी ते ओळखते कशी? त्याचा रिसेप्टर सापडायला २००५ उजाडलं. नाव जीआयडी-१.

आता खरी गंमत. पेशीत 'डेला' नावाची प्रथिनं वाढीच्या जीन्सवर ब्रेक दाबून बसलेली असतात. म्हणजे डीफॉल्ट सेटिंग 'वाढू नको' हीच! जीएचा रेणू जीआयडी-१ मध्ये बसला की त्याचा आकार बदलतो आणि तो डेलाला पकडतो. मग डेलावर 'युबिक्विटिन'चा टॅग लागतो. आमच्या भाषेत डिलीट फ्लॅग. पेशीतली कचरा साफ करणारी यंत्रणा टॅग बघून डेलाचे तुकडे करते. ब्रेक गेला, वाढ सुरू. थोडक्यात, हार्मोन अ‍ॅक्सिलरेटर दाबत नाही, ब्रेक काढतो.

हरितक्रांतीतला बुटका गहू आठवतो? त्याच्या डेलात असा बदल आहे की रिसेप्टरला तो पकडताच येत नाही. ब्रेक कायम, ताट बुटकं, म्हणून ओंबीच्या वजनाने गहू लोळत नाही.

मग ग्रुपवर फॉरवर्ड येतो, 'डोस डबल करा, मणी डबल होईल.' तसं होत नाही. रिसेप्टर मोजकेच असतात. ते भरले की जास्तीचा मेसेज वाचणार कोण? उलट जास्त जीएमुळे घडाचा देठ जाड, कडक होतो. आणि वेलीत जीए वाढलं की घड होऊ शकणारा कोंब ताणा होण्याकडे वळतो, म्हणजे पुढच्या हंगामाचे घडच कमी.

याहून मोठा धोका शेजारच्या रानातून येतो. ऊस आणि ज्वारीत रुंद पानांचं तण मारायला २,४-डी फवारतात. हे 'ऑक्सिन' या दुसऱ्या वाढ-हार्मोनची नक्कल आहे. ऑक्सिनचा रिसेप्टर टीआयआर-१ सुद्धा असाच ब्रेक डिलीट करायला लावतो. पण खरं ऑक्सिन झाड वेळेत आवरतं, २,४-डी त्याला लवकर मोडता येत नाही. मेसेज येतच राहतो, वाढ वेडीवाकडी होते, झाड मरतं. द्राक्षवेल रुंद पानाची आणि या औषधाला फारच नाजूक. वाऱ्याने आलेला अंशही पानं पंख्यासारखी आखडायला पुरतो.

म्हणून घरच्यांना एवढं नक्की सांगा: तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा, धुतलेलाही बागेत आणायचा नाही. वारा बागेकडे असेल तर शेजारच्या काकांना फवारणी थांबवायची विनंती करायची. आणि जीएचा डोस ग्रुपवरून नाही, लेबल आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी बघूनच ठरवायचा.